पेंढ्याच्या घराची पश्चिम भिंत

वाळलेल्या भाताच्या पेंढ्याला एक गंध असतो. गोडसर, किंचित धुळकट, उन्हात तापवलेल्या गोधडीला यावा तसा. मार्गशीर्ष सरता सरता खळ्यांवरची झोडणी आटोपते आणि वसईजवळ कामणच्या बाजूला हा गंध दिवसचे दिवस हवेत रेंगाळत राहतो. डोंगरावरून उतरणाऱ्या पहाटेच्या गारव्यात तो जड होतो, दुपारी हलका होऊन उडतो आणि सांजेला पुन्हा अंगणात येऊन बसतो. कुणालाही प्रसन्न वाटावं असाच तो गंध. सुगीचा, भरल्या कणगीचा, तृप्तीचा! माझं मात्र उलटं होतं. तो आला की आधी माझी मनगटं दुखू लागतात, मग खांदे, आणि मग वाटतं, कुठंतरी सावलीत पाठ टेकावी आणि कुणी काही विचारू नये.

त्याचं कारण माझं घर. माझं घर पेंढ्याचं आहे. छप्पर मंगलोरी कौलांचं, पण भिंती पेंढ्याच्या. विटा रचाव्यात तशा एकावर एक रचलेल्या पेंढ्याच्या घट्ट गाठी आणि त्यांवर आतून-बाहेरून माती-चुन्याचा जाड लेप. हे ऐकून लोक हसतात, मग भिंतीवर बोट दाबून पाहतात, मग विचारतात, पावसात काय करता? पावसात काय केलं, आणि काय करायला नको होतं, तेच तर सांगायचं आहे.

त्याआधी आम्ही वसईला, स्टेशनच्या पूर्वेला, चौथ्या मजल्यावर राहत होतो. मी, माझे यजमान आणि सासरे. मी शाळेत भूगोल शिकवत असे, हे वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. आम्हांला मूलबाळ नाही. हे वाक्य एकदा सांगून टाकलं की मी मोकळी होते. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. भाताची खाचरं भरून इमारती उठत होत्या आणि त्या इमारतींना पाणी मात्र कुणी दिलं नव्हतं. टँकर आला की आम्ही शिक्षिका, कारकून, परिचारिका, सगळ्या समान होऊन हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायचो आणि लिफ्ट नव्हती म्हणून जिन्यानं ते पाणी वर न्यायचो. चार मजले! पाण्याला वजन असतं हे मी मुलांना पुस्तकातून शिकवत होते, पण मला ते त्या जिन्यानं शिकवलं.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणत असू. त्यांचं उभं आयुष्य कामणच्या एका गवताच्या वखारीत गेलं. त्या काळी डोंगरातलं गवत आणि शेतांतला पेंढा वखारीत येई, तिथं लाकडी-लोखंडी दाबाखाली त्याच्या गाठी बांधल्या जात आणि त्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना रवाना होत. अप्पा तिथले मुकादम. तबेले हलले, गवत आटलं, वखार बंद पडली आणि अप्पा आमच्या खिडकीच्या गजांशी येऊन बसले. दिवसभर ते खालचा रस्ता पाहत. आयुष्यभर उघड्या मैदानात वावरलेल्या माणसाला दीड खोलीत आणून बसवलं, की त्याच्या बोलण्यातली वाक्यं आखूड होतात, हे मी तेव्हा पाहिलं.

एका दुपारी मी शाळेतून आले तर अप्पा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पायरीवर बसलेले. एक चप्पल पायात, एक हातात. घोटा सुजून टरारला होता.

"कधी पडलात?"

"बारा वाजले असतील."

तेव्हा अडीच वाजून गेले होते. त्या वळणावर तीन दारं होती. मी चिडूनच विचारलं, "मग हाक नाही का मारायची कुणाला?"

अप्पांनी तिन्ही दारांकडे पाहिलं. "कुणाला मारू? पाट्यांवर नावं आहेत. माणसं कुठं आहेत?"

आणि खरंच, कुठं होती माणसं? सगळी आमच्यासारखीच पोटामागं गेलेली. दोष द्यायचा तर कुणाला द्यायचा? त्या दिवशी अप्पांना खांद्याचा आधार देऊन वर नेताना मला पहिल्यांदा भीती वाटली. अप्पांच्या म्हातारपणाची नव्हे, आमच्या. उद्या ह्याच पायरीवर मी बसलेली असेन, तेव्हा जिन्यानं वर येणारं कोण असेल?

त्याच वर्षी नाताळात रोझलिन केक घेऊन आली. रोझलिन माझी जुनी विद्यार्थिनी, वसईच्या बागायती गावातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याची मुलगी. नववीत असताना नकाशे इतके देखणे काढायची, की मी ते वर्गात टांगायची. आता ती आर्किटेक्ट झाली होती, लग्न झालं होतं, दोन मुलं होती. अप्पांचा प्लास्टरमधला पाय पाहून ती त्यांच्याशी बोलत बसली आणि वखारीचा विषय निघाला तशी एकदम ताठ झाली.

"म्हणजे तुम्ही गाठी बांधायचात? अप्पा, बाहेरच्या देशांत अशा गाठी रचून घरं बांधतात. सॉलिड टिकतात. मी त्यावर कॉलेजात प्रोजेक्ट केलं होतं. इथं तर बैल विकून बसलेत सगळे, पेंढा नुसता पडून असतो."

"गवताच्या घरात गुरं राहतात, पोरी," अप्पा म्हणाले.

"मग गुरांना कधी पंखा लागलेला बघितलात का?"

अप्पा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मग त्यांनी विचारलं, "गाठ किती दाबायची?"

"ते... घट्ट. म्हणजे टाइट."

"घट्ट म्हणजे किती? ओल किती चालेल? गाठ आडवी ठेवायची की उभी?" अप्पांनी मान हलवली. "एवढं ठाऊक नाही आणि घर बांधायला निघालीस!"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडे पट्टी आणि पेन्सिल मागितली.

घरासाठी पाहिलेली जमीन रोझलिनच्या वडिलांची होती. सांतानकाका. केळीच्या बागेत वाढलेला, उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. घरी लेकीशी ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलत, आमच्याशी शाळेतल्या मराठीत. पत्नी गेलेली, दोन मुलगे परदेशी, बागेतल्या मोठ्या घरात ते एकटे. कामणला त्यांच्या वडिलांनी भातासाठी घेतलेला एक तुकडा होता. तिथं आम्ही सगळे एका रविवारी बांधावर उभे राहिलो आणि सांतानकाका म्हणाले, "बांधायचं तर एकच घर बांधू. एकच स्वैपाकघर. वेगळी चूल मांडायची असेल त्यानं आपल्या फ्लॅटात राहावं."

कल्पना त्यांचीच होती, हे लोकांना खरं वाटत नाही. लोकांना वाटतं, शिकलेल्या मुलीचं खूळ! खूळ भिंतींचं होतं. एकत्र राहण्याची ओढ त्या दोन म्हाताऱ्यांची होती. त्यांनी एकमेकांना पाहिलं आणि जणू ओळखलं, की आपण दोघं एकाच जिन्याच्या वळणावर बसलो आहोत.

ग्रामपंचायतीत कागद भरताना कारकुनानं विचारलं, "भिंती कसल्या लिहू?" अप्पा म्हणाले, "भाताच्या लिहा." तो बिचारा बराच वेळ पेन धरून बसला.

ते बांधकाम आठवलं की अजून नवल वाटतं. कमरेपर्यंत काळ्या दगडाचं जोतं, कारण जमिनीची ओल पेंढ्यापर्यंत चढता कामा नये. आधी लाकडी खांब आणि छप्पर, मग त्याच्या सावलीत भिंती. वखारीच्या मागं गंजत पडलेला गाठी बांधायचा दाब मालकानं उचलून न्या म्हटलं. ह्यांनी वालीवला नेऊन त्याचे स्क्रू बदलले. रोझलिनचा नवरा अँथनी विमानतळावर नोकरीला होता. पाळी संपवून आला की तो दाबाच्या दांड्याला लोंबकळे. आणि अप्पा! पाय बरा झाला होता. हातात हातभर लांबीची लोखंडी सळई घेऊन ते प्रत्येक गाठीपाशी जात, सळई तिच्या पोटात खुपसत, थोडं थांबत, बाहेर काढत आणि गालाला लावत. गार असेल तर मान हलवत. किंचित कोमट लागली, तर ती गाठ बाजूला. ओला पेंढा आतल्या आत तापतो, वरून पत्ता लागू देत नाही. वखारीला आग लागायची ती अशीच, म्हणत.

लिंपायला शेजारच्या पाड्यावरची जानकी आली, आणखी दोघींना घेऊन. माती, बारीक चिरलेला पेंढा, शेण आणि मुरवलेला चुना. मला कामाचा उत्साह भारी. मी सपासप हात मारत होते. जानकीनं माझं मनगट धरलं.

"बाई, मारू नको. दाबायचा. पानी आत जिरंल, तवा भिंत हात सोडते."

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही राहायला गेलो. सहा मोठी आणि दोन लहान. केवढं सुख होतं ते! दोन हात जाडीच्या भिंती. खिडकीच्या कट्ट्यावर रोझलिनची मुलं मांडी घालून अभ्यास करत. वैशाखातसुद्धा आत पाय टाकला की देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा. रस्त्यावरून ट्रक जात, पण त्यांचा आवाज भिंतीतच विरून जाई. आमच्या सोमवार-गुरुवारी सांतानकाका निमूट शेवग्याची आमटी खात, आणि त्यांच्या उपवासकाळात अप्पा कुणी न सांगता मटण सोडत. मुलांना दोन आजोबा झाले. शाळेतून आले की दप्तरं एकाच्या अंगावर आणि तक्रारी दुसऱ्याच्या.

मग मी थकले कशानं?

मातीच्या भिंतीला दरवर्षी हात लागतो. पावसाळा सरला, की कुठं पोपडा सुटलेला, कुठं चीर गेलेली; त्यावर नवा लेप द्यावा लागतो. तिन्ही बाजूंना पडवी होती, तिथं थोडक्यात भागे. पश्चिमेला मात्र जमिनीची हद्द जवळ, म्हणून पडवी काढता आली नव्हती, आणि वसईचा पाऊस येतो तो समुद्राकडून, आडवा. ती एक भिंत दरवर्षी पुरती लिंपावी लागे. पहिल्या दिवाळीत सगळे होते. दुसऱ्या दिवाळीत रोझलिनचं काम वाढलं, अँथनीची पाळी बदलली, ह्यांच्या कारखान्यात सुट्टी दोनच दिवस. रोझलिन अगदी निर्मळपणे म्हणाली, "टीचर, तुम्हांलाच तर सुट्टी असते ना." आणि ती भिंत माझी झाली. कुणी लादली नाही, कुणी वाटून दिली नाही. एखादं भांडं ज्याच्या हाताशी असतं त्यानंच ते घासावं, तशी ती माझ्या वाट्याला येऊन राहिली. सहामाहीचे पेपर तपासून झाले, की मी आणि जानकी त्या भिंतीपाशी उभ्या राहायचो. आठ-आठ दिवस.

कष्टांनी माणूस मोडतो असं मला वाटत नाही. चार मजले पाणी वाहूनही मी मोडले नव्हते. पण घरात सहा मोठी माणसं असताना, 'ह्या वर्षी भिंतीचं कसं?' असं कुणालाच विचारावंसं वाटू नये, ह्यानं आत काहीतरी झिजत गेलं. आणि मी तरी बोलले का? नाही. मूकपणानं राबणाऱ्या बाईला स्वतःच्या मूकपणाचा एक अभिमान असतो, तो तिला बोलू देत नाही.

चौथ्या दिवाळीत अप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्या नणंदेकडे नाशिकला गेले होते. रोझलिन महिनाभर गुजरातेत एका कामावर. मी कामणच्या नाक्यावरून एक गवंडी बोलावला आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करायला सांगितलं.

हे म्हणाले, "कुणाला विचारलंस का?"

"कुणाला विचारू? भिंत माझी एकटीची आहे."

सांतानकाका बाजूच्या पडवीच्या टोकाला बसून पाहत होते. तीन दिवसांत भिंत गुळगुळीत, करडी, शहाण्यासारखी उभी राहिली. आणि खरं सांगू? त्या सुट्टीत मी दुपारी झोपले. इतकी गाढ, इतकी निर्धास्त, की उठल्यावर क्षणभर वार आठवेना.

अप्पा परतले ते काळा चष्मा लावून. सामान ठेवायच्या आधी घराला वळसा घालून मागं गेले. मी पाठोपाठ. त्यांनी तळवा भिंतीवरून फिरवला, बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी टकटक केलं. ते वळले आणि म्हणाले, "चहा टाक जरा."

रोझलिन मात्र आल्या आल्या ओरडली. "टीचर! हे काय केलं? ओल आत अडकेल. तिला बाहेर यायला वाटच नाही राहिली!"

"मग पुढच्या वर्षी तू लिंप," मी म्हणाले.

वर्गात कधी ज्या मुलीवर आवाज चढवला नव्हता, तिच्याशी मी अशी बोलले. आठ दिवस आम्ही एका स्वैपाकघरात, एका कढईपाशी उभ्या राहून, मीठ-तिखटापलीकडे बोललो नाही. मग घर पुन्हा रुळावर आलं. भिंत तशीच राहिली.

दोन पावसाळे गेले. सिमेंटवर केसाएवढ्या चिरा पडल्या, त्यांतून पाणी आत शिरत राहिलं, आणि परतीची वाट मी बंद केली होती. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात अप्पांच्या खोलीत एक आंबूस वास येऊ लागला. पश्चिमेची भिंत म्हणजे त्यांच्याच खोलीची भिंत. त्यांची खाट तिला लागून होती. आधी वाटलं, पावसाळी कपड्यांचा वास असेल. मग आतल्या मातीवर हिरवट-काळे ठिपके आले. मग अप्पांचा खोकला सुरू झाला, कोरडा, आणि थांबेचना. डॉक्टर म्हणाले, ह्या खोलीत झोपू नका. खाट मधल्या घरात आली, पण खोकला काही मागं राहिला नाही.

भाद्रपद संपता संपता एके सकाळी अप्पांनी सळई मागितली. प्लास्टरची एक चीर शोधून त्यांनी ती आत घातली. थोडं थांबले, बाहेर काढली, गालाला लावली. मग माझ्या हातात दिली. सळई कोमट होती. टोकाला चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला लगदा.

भिंत उघडली तेव्हा सगळे तिथं होतो. ह्यांनी पहार घातली तसे सिमेंटचे पोपडे फळ्यांसारखे निखळून पडले आणि आत... आत भिंत नव्हतीच. ज्या गाठी अप्पांनी एकेक गालाला लावून निवडल्या होत्या, त्यांचा काळा चिखल झाला होता. मध्येच पांढरी, छत्रीसारखी अळंबी. मुलं नाक धरून मागं सरली. मला कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं!

अँथनी म्हणाला, "ब्लॉक लावून टाकू ना. एका आठवड्यात काम खलास." सांतानकाका भिंतीच्या भगदाडापासून वळले आणि त्यांनी हद्दीपलीकडे पाहिलं. पलीकडे पूर्वी भात होतं. आता गोदामाचे निळे पत्रे होते. ते म्हणाले, "पेंढा आणणार तरी कुठनं?"

ते खरंच होतं. आजूबाजूची खाचरं भरावाखाली गेली होती. आणि ब्लॉकची भिंत काही पाप नव्हती. पण आम्ही सगळेच ओळखून होतो, की एक भिंत ब्लॉकची झाली की पुढच्या वर्षी दुसरी होईल, मग मधली, मग कुणीतरी म्हणेल, मग वसईला फ्लॅटच काय वाईट होता? रोझलिन म्हणाली, "अप्पा सांगतील तसं."

अप्पा खुर्चीवर बसले होते. "घर तुमचं आहे. मी किती दिवसांचा? पण पेंढा मिळाला तर गाठी मी बांधून घेतो."

जानकी उभ्या उभ्या ऐकत होती. "आमच्या पाड्यावर हाये ना पेंढा. नव्या भाताचा येलच आता. बैल इकला आमी, खानार कोन?"

दिवाळीपर्यंत ते भगदाड ताडपत्रीनं झाकून ठेवलं. त्या दिवसांतल्या एका दुपारी मी अप्पांना औषध द्यायला गेले. ते ताडपत्रीकडे तोंड करून बसले होते. वाऱ्यानं ती फुगत होती, आत येत होती. माझ्यानं राहवेना. मी म्हणाले, "अप्पा, ही भिंत मी कुजवली. तुमचा खोकलाही मीच."

त्यांनी ताडपत्रीवरची नजर काढली. मग म्हणाले, "नाशकाहून आलो त्याच दिवशी मला कळलं होतं, शालिनी. टकटक केली तेव्हाच. ही दोन पावसाळे काढेल, फार तर तीन."

"मग बोलला का नाहीत?"

"डोळे नवीन होते. तुला पहिल्यांदा नीट पाहिलं. एवढी वाळलेली दिसलीस. म्हटलं, ही भिंत पुन्हा उकरायला सांगितली तर ही कोसळेल." खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली. "आणि हिशेब केला, भिंत माझ्यापुरती टिकेल. माझ्यामागं तुमचं तुम्ही बघाल. तोही माझा आळसच. तू थकून गप्प, मी थकून गप्प. एका घरात राहून काय उपयोग मग?"

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांना तसलं जमत नसे. औषधाची वाटी उचलून त्यांनी ती पिऊन टाकली आणि रिकामी माझ्या हातात दिली.

भिंत पुन्हा उभी राहिली. जानकीच्या पाड्यावरचा पेंढा, जुना दाब, खुर्चीवरून सूचना देणारे अप्पा. सळई ह्या वेळी रोझलिनच्या हातात होती. ती गाठीत खुपसून काढायची आणि आधी स्वतःच्या, मग अप्पांच्या गालाला लावायची. सांतानकाकांनी शेजारच्या मालकाशी बोलून हातभर हद्द मागून घेतली आणि छपराची वळचण तेवढी पुढं आली. पूर्ण पडवी नाही, पण पाऊस थेट मारणार नाही एवढी.

अप्पा त्यानंतर दोन पावसाळे त्याच खोलीत राहिले. खोकला पुरता गेला नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या फाल्गुनात, एका सकाळी, चहाची वाट पाहत असताना गेले.

त्या वर्षीची दिवाळी जवळ आली तशी मला धडकी भरली. भिंत समोर दिसत होती. वळचणीखालूनही खालच्या अंगाला पोपडे सुटले होतेच. ह्यांची निवृत्ती झाली होती, पण पाठ धरली होती. मी पेपर तपासत होते आणि मनात दिवस मोजत होते. भिंतीचं दरवर्षी सगळ्यांनी मिळून बोलायचं, असं ती पुन्हा उभी केली तेव्हा अप्पांच्या देखत ठरलं होतं. पण अप्पाच नाहीत म्हटल्यावर ते ठरणंही कुठंतरी सैल झालं होतं.

वसुबारसेला दुपारी मी माती भिजवायची पाटी शोधायला मागं गेले, तर पाटी जागेवर नव्हती. माती भिजलेली होती. रोझलिन साडीचा पदर खोचून उभी, अँथनी हाफपँटीत, दोन्ही मुलं कोपरापर्यंत चिखलात, आणि जानकी त्यांच्यावर ओरडते आहे. हे बादलीनं पाणी घालत होते. सांतानकाका खुर्ची टाकून बसले होते.

"कुणी सांगितलं तुम्हांला?" मी विचारलं.

"कुणी नाही," रोझलिन म्हणाली. "रजा टाकली. टीचर, तुम्ही जा. झोपा आत."

मी थोडा वेळ घुटमळले. मग आत आले, अप्पांच्या खोलीत, त्यांच्या खाटेवर, भिंतीला पाठ लावून आडवी झाले. पेंढ्याची भिंत आवाज गिळते. बाहेरचं एक अक्षरही आत येत नव्हतं. पण हात कळत होते. पाठीला कळत होते. जानकीचा सावकाश, खोल दाबत जाणारा. अँथनीचे धपाधप, उगाच जोराचे. खाली, पार जोत्याजवळ, मुलांचे चार तळवे, घाईघाईचे. आणि रोझलिनचा, थांबून, पुन्हा तिथंच फिरून येणारा.

वळचणीखालचा वरचा पट्टा मात्र तसाच राहणार होता. तिथवर त्यांच्यातल्या कुणाचा हात पुरत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यासाठी लागणारी शिडी पुढच्या पडवीत, धान्याच्या पिंपांमागं असते, हेही मला एकटीलाच ठाऊक होतं.

मी सांगायला उठले नाही. शोधतील, म्हटलं, आणि डोळे मिटले.